शिकत राहण्याचा धर्म

एखाद्या प्रदेशात कायम मुक्काम ठोकून असलेल्या रोगाला प्रदेशनिष्ठ रोग म्हणतात. साथ येते आणि ओसरते. प्रदेशनिष्ठ रोग तिथल्या माणसांत, पाण्यात, डासांत वर्षानुवर्षे टिकून राहतो. पूर्व विदर्भातला कुष्ठरोग आणि हत्तीरोग, गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातला हिवताप ही महाराष्ट्रातली ठळक उदाहरणे. या रोगांशी रोजची गाठ पडते ती बहुधा डॉक्टरांची नव्हे. उपकेंद्रातले आरोग्यसेवक आणि आरोग्यसेविका, कुष्ठतंत्रज्ञ, तापाच्या रुग्णांचे रक्तनमुने घेणारे कर्मचारी, घरोघर फिरणाऱ्या आशा स्वयंसेविका हे लोक रोगी शोधतात, त्याला औषधाखाली आणतात आणि औषध पुरे होईपर्यंत त्याची पाठ सोडत नाहीत.

नोकरीच्या सुरुवातीला त्यांना प्रशिक्षण मिळते. पुढे पंचवीस-तीस वर्षे ते त्याच कामात राहतात. तेवढ्या काळात औषधे बदलतात, रोगाचे प्रमाण बदलते, नियम बदलतात. शिकलेला माणूस न शिकलेल्यासारखा कधी होऊन बसला, हे त्याच्या स्वतःच्याही ध्यानात येत नाही. अशा वेळी त्याच्या जुन्या माहितीपायी एखाद्या रोग्याचा हात वाकडा झाला, तर त्याला नैतिक दोष म्हणावे का? म्हणायचे तर तो कोणाच्या माथी? निरंतर शिक्षण हा विषय सहसा प्रशासनाकडे सोपवला जातो आणि किती वर्ग, किती दिवस, किती खर्च एवढ्यावर संपतो. त्याच्या मुळाशी ज्ञान आणि कर्तव्य यांच्या नात्याचा प्रश्न आहे. तो सुटल्याखेरीज वर्ग आणि दिवस मोजण्याला फारसा अर्थ उरत नाही.

ज्ञान कसे निकामी होते

आरोग्यसेवकाचे ज्ञान तीन वाटांनी निकामी होते. पहिली वाट शास्त्राच्या प्रगतीची. कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेतले डॉक्टर हॅन्सन यांनी १८७३ मध्ये शोधला, पण गुण देणारे औषध हाती यायला १९४० चे दशक उजाडले. ते औषध डॅप्सोन. भारताचा राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम १९५५ मध्ये सुरू झाला तो त्या एका औषधाच्या भरवशावर. ते वर्षानुवर्षे, कित्येकांना जन्मभर घ्यावे लागे. १९६४ मध्ये डॅप्सोनला दाद न देणारे जंतू असल्याचे सिद्ध झाले. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रिफॅम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफॅझिमिन यांच्या एकत्रित उपचाराची, म्हणजे बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. अधिक जंतू असलेल्या रुग्णाला हा उपचार आधी दोन वर्षे दिला जाई. पुढे तो एक वर्षावर आला. कमी जंतूंच्या रुग्णाला दीर्घकाळ दोन औषधे दिली जात होती. एप्रिल २०२५ पासून भारतात त्यालाही तीन औषधे दिली जातात. १९७५ च्या सुमारास भरती झालेल्या कर्मचाऱ्याने उपचाराविषयी जे पाठ केले होते, त्यातले निवृत्तीच्या वेळी जवळजवळ काहीच खरे उरले नव्हते.

दुसरी वाट कार्यक्रमाच्या यशाचीच आहे. रोग विरळ झाला की तो ओळखण्याचा सराव सुटतो. डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर कुष्ठरोगाचे प्रमाण दहा हजार लोकांमागे एकाच्या खाली आले. याच काळात स्वतंत्र कुष्ठरोग यंत्रणेचे बरेचसे काम सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळले गेले. ज्याने केवळ चट्टे पाहण्यात उमेदीची वर्षे घालवली होती, त्याच्या जागी लसीकरण, बाळंतपण, क्षयरोग आणि डेंग्यू सांभाळून चट्टेही पाहणारा माणूस आला. रोग मात्र गेला नव्हता. आजही जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतातले असतात. जंतू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे, काही जणांत वीस वर्षेही जातात. इतक्या संथ रोगात आजच्या विसराळूपणाची किंमत पुढल्या पिढीला मोजावी लागते.

तिसरी वाट सवयीची. जो रोग कायमचा शेजारी आहे, तो डोळ्यांना सरावाचा होतो. तापाला ‘हंगामी’ म्हणून, चट्ट्याला ‘नायटा असेल’ म्हणून, सुजलेल्या पायाला ‘आमच्याकडे असतेच’ म्हणून बाजूला सारले जाते. विळा रोज वापरला तर धार जाते आणि कोनाड्यात ठेवला तर गंजतो. आरोग्यसेवकाच्या ज्ञानाचेही तसेच आहे. सरावाने ते बोथट होते, सराव सुटला की नाहीसे होते. दोन्ही बाबतींत पुन्हा धार लावण्यावाचून गत्यंतर नाही.

एका तपासणीत काय काय सामावते

हे ज्ञान कसले असते, हे कुष्ठरोगाच्या चट्ट्याच्या तपासणीत नीट दिसते. रोग्याला उजेडात बसवतात. बॉलपेनचे टोक त्वचेला हलकेच टेकवून, काय करणार आहोत ते आधी उघड्या डोळ्यांनी त्याला दाखवतात. मग डोळे मिटायला सांगतात. पेन चांगल्या त्वचेवर टेकले की त्याने बोटाने ती जागा दाखवायची. दोनतीनदा बरोबर दाखवले की पेन चट्ट्याच्या मध्यावर टेकवायचे. बोट हलले नाही, तर चट्टा बधिर आहे. पेन ओढले किंवा जोरात दाबले तर स्पर्शाऐवजी दाब कळतो आणि बधिर चट्टाही शाबूत वाटतो. रोग्याने किलकिल्या डोळ्यांनी पाहिले तरी निष्कर्ष चुकतो.

मग नसा. कोपर वाकवून त्याच्या आतल्या बाजूच्या हाडाच्या खाचेत बोटे फिरवली की अल्नर मज्जातंतू लागतो. तो जाड झाला आहे का, दाबल्यावर रोग्याच्या चेहऱ्यावर वेदना उमटते का, हे पाहायचे. म्हणून नजर कोपराकडे नको, चेहऱ्याकडे हवी. करंगळी बाजूला काढून विरोधाला टिकते का, हे तपासायचे. नुकतीच आलेली दुर्बलता सहा महिन्यांच्या आत ओळखून स्टिरॉइडचा उपचार सुरू केला, तर हात बहुधा वाचतो. उशीर झाला तर बोटे वाकडी होतात ती बहुधा कायमची, आणि जंतू मेल्यावरही त्या हातावर लोक ‘कुष्ठरोगी’ हाच शिक्का वाचत राहतात.

या अर्ध्या तासाच्या कामात पुस्तकातली माहिती आहे, बोटांचे कसब आहे, रोग्याच्या चेहऱ्याचे भान आहे आणि आता थांबून चालणार नाही ही जाणीवही आहे. यातले एकही अंग कागदावरच्या परिपत्रकातून दुसऱ्याच्या अंगी उतरत नाही. म्हणून निरंतर शिक्षणाचा विचार करताना ज्ञान म्हणजे काय, इथूनच सुरुवात करावी लागते.

परंपरेने दिलेली उत्तरे

चरकसंहितेच्या विमानस्थानात रोग जाणण्याची तीन साधने सांगितली आहेत: आप्तोपदेश, प्रत्यक्ष आणि अनुमान. जाणकाराचे सांगणे आधी येते, कारण काय पाहायचे हे ठाऊक असल्याखेरीज डोळ्यांना ते दिसत नाही. त्यानंतर स्वतःची पाहणी आणि तीवरून काढलेला निष्कर्ष. प्रशिक्षणवर्ग हा आप्तोपदेश, तपासणी हे प्रत्यक्ष आणि निदान हे अनुमान असे मानले, तर एक गोष्ट उघड होते. आप्तोपदेश जुना झाला की प्रत्यक्षही आंधळे होते. ज्याला नव्या लक्षणाचे नावच सांगितलेले नाही, त्याच्या समोर ते असूनही नसल्यात जमा.

त्याच विमानस्थानात पुढे ज्ञानाचे तीन उपाय येतात: अध्ययन, अध्यापन आणि तद्विद्यसंभाषा, म्हणजे त्याच विद्येच्या जाणकारांशी चर्चा. या यादीत शिकवणे हे शिकण्याचेच साधन म्हणून आले आहे. चर्चेचेही दोन प्रकार सांगितले आहेत. मैत्रीने होणारी ती संधायसंभाषा आणि जिंकण्यासाठी होणारी ती विगृह्यसंभाषा. पहिल्या प्रकारात माणसाने निःशंकपणे विचारावे, निःशंकपणे सांगावे, हार झाली तर घाबरू नये आणि जीत झाली तर फुगू नये, असा उपदेश आहे. ज्ञान एकदा मिळवून गाठीला बांधता येते, ही कल्पनाच या विचारात बसत नाही.

तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत हाच विचार धर्माच्या भाषेत आला आहे. गुरुगृह सोडून जाणाऱ्या शिष्याला आचार्य जो उपदेश करतात, त्यात स्वाध्याय आणि प्रवचन यांची हयगय करू नको, असे बजावले आहे. शिक्षण संपते त्याच दिवशी शिकण्याची आणि शिकवण्याची आज्ञा सुरू होते. त्याच वल्लीत थोडे आधी सत्य, तप, इंद्रियनिग्रह, अतिथिसत्कार अशा कर्तव्यांची मालिका येते आणि प्रत्येक कर्तव्याला स्वाध्याय-प्रवचनाची जोड दिलेली आहे. सांगण्याचा रोख स्पष्ट आहे: कोणतेही कर्तव्य शिकण्यावाचून एकटे उभे राहत नाही. अतिथीचा सत्कारही शिकत राहून करायचा असेल, तर रोग्याची सेवा त्याला अपवाद कशी असेल?

करुणा पुरेशी आहे का

इथे एक गंभीर हरकत उभी राहते. रोगिसेवेचे खरे मोल प्रेमात आहे, ज्ञान हे दुय्यम, असे अनेक श्रद्धावान माणसांना वाटते. वर्ध्याचा इतिहास या प्रश्नावर मोठा प्रकाश टाकतो. मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरचे कुष्ठधाम उभे केले. सेवाग्राम आश्रमात संस्कृत पंडित परचुरेशास्त्री कुष्ठरोग घेऊन आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले आणि त्यांच्या अंगाला स्वतः मालीश केले. ज्या काळात घरचे लोकही कुष्ठरोग्याला शिवत नसत, त्या काळात हा स्पर्श ही फार मोठी नैतिक घटना होती. त्या स्पर्शाने विदर्भातल्या पुढच्या साऱ्या कामाला बळ दिले.

पण काम तिथेच थांबले नाही. १९५१ मध्ये वर्ध्याला गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनची स्थापना झाली आणि डॉ. वारदेकर यांच्या नेतृत्वाखाली सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार अशी तीन अंगांची पद्धत तिथे आकाराला आली. रोगी दाराशी येण्याची वाट पाहण्याऐवजी गावोगाव जायचे, प्रत्येक घरातल्या प्रत्येक माणसाची त्वचा तपासायची, लोकांना रोग समजावून सांगायचा आणि रोग्याला त्याच्या घरीच राहू देऊन औषध द्यायचे. या पद्धतीसाठी डॉक्टर पुरणे शक्य नव्हते. म्हणून डॉक्टर नसलेल्या कार्यकर्त्यांना शिकवून तयार करणे हा कामाचा गाभा झाला. राष्ट्रीय कार्यक्रमानेही तीच वाट धरली. करुणेने कुष्ठधामाचे दार उघडले होते. आता ती हजारो घरांच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचली, आणि तिला तिथे नेले ते शिकलेल्या कार्यकर्त्यांनी.

चरकाने चांगल्या परिचारकाचे चार गुण दिले आहेत: उपचाराचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी माया आणि स्वच्छता. माया त्यात आहेच, पण ज्ञान तिच्या आधी येते. यात मायेची उपेक्षा नाही. आजारी माणूस ज्याच्या हाती स्वतःला सोपवतो, त्याच्या मायेची कसोटी त्याच्या कसबानेच लागते. बधिर तळव्याला जखम झालेल्या रोग्याला धीर देणे चांगलेच. पण पाय रोज पाण्यात भिजवून, कडक झालेली कातडी हळूच खरवडून, तेल लावून तो कसा राखायचा, हे ज्याला सांगता येत नाही, त्याच्या धीराने पाय वाचत नाही.

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात या दोन टोकांचा मेळ आहे. गीतेने तिथे ज्ञानाची व्याख्या माहितीने केलेली नाही. ज्याच्या अंगी ज्ञान मुरले त्याची लक्षणे दिली आहेत. पहिले लक्षण अमानित्व, म्हणजे मानाची हाव नसणे. तिसरे लक्षण अहिंसा. ज्ञानदेव अहिंसा उलगडतात ती चालण्यातून, पाहण्यातून, बोलण्यातून आणि हातांच्या स्पर्शातून. आरोग्यसेवकाच्या शिक्षणाला ही दोन्ही लक्षणे थेट लागू पडतात. वीस वर्षांच्या नोकरीनंतर आपल्याहून लहान माणसापुढे बसून नवे शिकायचे, तर अमानित्व लागते. आणि अर्धवट ज्ञानाने दुसऱ्याच्या शरीराला हात घालणे ही हेतू चांगला असूनही घडणारी हिंसाच आहे, हे उमगले की शिकणे हा अहिंसेचाच भाग ठरतो.

दोष कोणाचा

अॅरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरील आपल्या ग्रंथात अज्ञानाचे बारकाईने वर्गीकरण केले आहे. जे टाळणे माणसाच्या हातात होते, त्या अज्ञानाबद्दल तो जबाबदार. जे हातात नव्हते, त्याबद्दल नाही. हा भेद आरोग्यसेवकाला लावला, तर तीन स्थिती दिसतात. शास्त्रालाच जे ठाऊक नव्हते त्याचा दोष कोणालाच नाही. १९६० साली एकटे डॅप्सोन देणारा निर्दोष होता. नवे ज्ञान हाताशी असून, वेळ आणि संधी मिळूनही जो ते घेत नाही, तो दोषी. तिसरी स्थिती सर्वांत जास्त आढळते आणि तिचीच चर्चा सर्वांत कमी होते. नवे ज्ञान जगात असते, पण ते कर्मचाऱ्यापर्यंत पोहोचवलेच जात नाही. हे त्याच्यावर लादलेले अज्ञान आहे, आणि त्याचा दोष लादणाऱ्याकडे जातो.

या संदर्भात चरकाची प्रज्ञापराध ही कल्पना फार उपयोगी आहे. बुद्धी, धृती आणि स्मृती ढळल्याने माणूस जे चुकीचे वागतो, तो प्रज्ञापराध. चरक हे माणसाच्या स्वतःच्या आरोग्याबद्दल बोलतो, तरी हे तीन भाग सेवेच्या कामालाही लागू करता येतात. चट्टा पाहून निदान चुकले तर बुद्धीची उणीव; तिला नवे शिक्षण हवे. शिकलेले आठवलेच नाही तर स्मृतीची उणीव. तिला उजळणी हवी. सारे ठाऊक असूनही दिवसाच्या रेट्यात नस तपासायचीच राहिली तर धृतीची उणीव. तिला कामाची माफक वाटणी आणि पाठीशी उभा राहणारा पर्यवेक्षक हवा. तिन्हींवर एकच वर्गातले व्याख्यान हा उपाय देणे म्हणजे रोग न ओळखता औषध देणे होय.

विमानस्थानातला जनपदोद्ध्वंसनीय अध्याय दोषाचा हा विचार समाजापर्यंत नेतो. पांचालदेशात, गंगेच्या काठी पुनर्वसू आत्रेय आपला शिष्य अग्निवेश याला सांगतात की पुढे येणाऱ्या संकटाची चिन्हे दिसत आहेत, तेव्हा जमिनीचा कस जाण्याआधी वनस्पती गोळा करून ठेव. अग्निवेशाचा प्रश्न असा, की माणसे प्रकृतीने, आहाराने, वयाने वेगवेगळी असताना एकाच वेळी सगळा मुलूख आजारी का पडतो? उत्तर मिळते: हवा, पाणी, भूमी आणि काळ सर्वांचे सामाईक असतात म्हणून. आणि ते बिघडण्याच्या मुळाशी अधर्म आहे. देशाचे, नगराचे प्रमुख धर्म सोडून वागू लागले की अधर्म खालपर्यंत झिरपतो. या कथेत दोन शिकवणी आहेत. तयारी संकटाच्या आधी करायची असते, आणि सार्वजनिक रोगाची पहिली जबाबदारी वरच्यांवर असते.

भारतातल्या हिवतापाचा इतिहास या दोन्हींची साक्ष देतो. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख माणसे दगावत, असा अंदाज होता. १९५३ मध्ये नियंत्रण कार्यक्रम आणि १९५८ मध्ये निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. १९६५ पर्यंत रुग्णसंख्या सुमारे एक लाखावर आली. मग लढाई जिंकल्याची भावना पसरली. देखरेख सैलावली, पुरवठा तुटू लागला, डास डीडीटीला आणि जंतू क्लोरोक्विनला दाद देईनासे होऊ लागले. क्लोरोक्विनला न जुमानणारा हिवताप आसाममध्ये १९७३ मध्ये आढळला. १९७६ मध्ये देशातली रुग्णसंख्या ६४ लाखांवर गेली. या अपयशाला अनेक कारणे होती, पण त्यांतल्या कित्येकांच्या तळाशी एकच समज होता: जे शिकायचे ते शिकून झाले आहे.

१९७३ मध्ये कर्तारसिंग समितीने एकेका रोगासाठी वेगळा कर्मचारी ठेवण्याऐवजी बहुउद्देशीय कर्मचारी नेमण्याची शिफारस केली. एकाच घरात चार खात्यांची चार माणसे जाण्यापेक्षा ओळखीचा एक माणूस जाणे चांगले, हा विचार योग्यच होता. पण एका माणसाला चार माणसांचे काम दिले, की त्याला चार माणसांचे शिक्षणही द्यावे लागते. काम वाढवायचे आणि शिक्षण तेवढेच ठेवायचे, हा व्यवहार अन्यायाचा आहे. आशा स्वयंसेविकेला तर बऱ्याच कामांचा मोबदला कामागणिक मिळतो. तिला शिकायला बोलावून तिचा दिवसाचा रोजगार बुडवला, तर ती शिकण्याची किंमत स्वतःच्या पोटातून भरते.

हुकूम आणि यंत्र

दोन हरकती उरतात. पहिली अशी, की खालच्या कर्मचाऱ्याला कारण कळण्याची गरज नाही. हुकूम कळला की पुरे. कुष्ठरोगाची औषधे महिन्यागणिक आखलेल्या रंगीत पाकिटांत येतात, ती द्यायची एवढेच काम. पण उपचार चालू असताना रुग्णाच्या अंगावरचे चट्टे लाल होऊन सुजतात, नसा दुखू लागतात. ही शरीराची जंतूंविरुद्धची प्रतिक्रिया असते, आणि तेव्हा गोळ्या चालू ठेवूनच वेगळा उपचार द्यायचा असतो. रोग्याला मात्र वाटते की गोळीनेच हे झाले, आणि तो गोळी टाकून देतो. कारण ठाऊक असलेला सेवकच त्याची समजूत घालू शकतो. केवळ हुकूम ठाऊक असलेला त्याच्याइतकाच गोंधळतो.

दुसरी हरकत अशी, की आता मोबाइल आहे, छायाचित्र पाठवले की तज्ज्ञ निदान सांगेल. यंत्राची मदत मोलाचीच. पण बधिरपणा छायाचित्रात उमटत नाही आणि कोपराची जाड नस कॅमेऱ्याला लागत नाही. चट्टा दाखवायला पाठ उघडी करावी लागते, आणि ती उघडी होते विश्वासाच्या माणसासमोर. यंत्र जितके शिकवील तितके शिकावे. रोग्याजवळ कोणीतरी जाणते माणूस बसलेले असावे, ही गरज त्याने संपत नाही.

शिक्षण कसे असावे

या विवेचनातून निरंतर शिक्षणाचे स्वरूप आपोआप ठरते. चरकाचे तीन उपाय त्याला पुरेसा आधार देतात.

अध्ययन म्हणजे नव्याची ओळख आणि जुन्याची उजळणी. ते मराठीत, आदिवासी भागात तिथल्या बोलीची साथ घेऊन, आणि शक्यतो रोग्याच्या समोर झाले पाहिजे. पडद्यावर चट्टा पाहून बोटे शिकत नाहीत. काय नवे आहे याबरोबर काय टाकून द्यायचे आहे, हेही स्पष्ट सांगायला हवे, कारण जुने पाठांतर नव्याच्या वाटेत आडवे येते. उदाहरणार्थ, कुष्ठरोग्यांना वेगळे काढणारा १८९८ चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण २०१९ च्या कायद्याने काढून टाकले. घरातल्या सुनेला चट्टा निघाला की सासरचे लोक पहिला प्रश्न याच प्रकारचा विचारतात. त्याचे बरोबर उत्तर आरोग्यसेविकेकडे असले, तर एक संसार मोडायचा वाचतो.

अध्यापनाचे सामर्थ्य नारू या कृमिरोगाच्या निर्मूलनाने दाखवून दिले. नारूवर लस नव्हती, कृमी मारणारे औषधही नव्हते. पाणी कापडातून गाळून प्यावे, पायातून नारू निघत असलेल्या माणसाने विहिरीत उतरू नये, पायऱ्यांच्या विहिरी बंदिस्त कराव्यात, पाण्यातले सूक्ष्म जीव मारावेत, एवढ्यावर ती लढाई झाली. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त म्हणून प्रमाणित झाला. हा विजय प्रामुख्याने ज्ञान वाटण्याचा होता. ज्याला गावाला शिकवायचे आहे, त्याला आपल्या समजुतीतल्या फटी आधी बुजवाव्या लागतात. म्हणून अनुभवी आरोग्यसेविकेला नव्या मुलींची शिक्षिका करणे हा दोघींच्याही शिक्षणाचा उत्तम मार्ग आहे.

संभाषेची आज सर्वांत जास्त उणीव आहे. बहुतेक आढावा बैठका आकड्यांच्या असतात आणि आकडा कमी भरला की बोलणी बसतात. तिथे चर्चेचे रूप विगृह्य होते, आणि धास्तावलेला माणूस चूक सांगण्याऐवजी झाकतो. झाकलेल्या चुकीतून कोणीच शिकत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात महिन्यातून एकदा तरी निदान निसटलेल्या रोग्याची हकिगत शिक्षेच्या भीतीविना मांडली गेली, तर ती खरी संधायसंभाषा होईल. त्या चर्चेत रोग्यालाही जागा हवी. चट्टा किती दिवस होता, कोणाकोणाकडे दाखवला, कोणी काय सांगितले, हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणालाच ठाऊक नसते. बुद्धिमान माणसाला सारे जग आचार्य असते, या आशयाचे वचन चरकानेच लिहून ठेवले आहे.

निष्कर्ष

दुसऱ्याच्या शरीराविषयीचे ज्ञान ही सेवकाची खाजगी मिळकत नाही. ते रोग्याच्या विश्वासावर त्याच्याकडे सोपवलेले असते, म्हणून ते ताजे ठेवणे हा त्याचा धर्म आहे. हा धर्म तो एकट्याने पाळू शकत नाही. वेळ, शिक्षक, साधने आणि चूक कबूल करण्याची मुभा शासनाने दिली, तरच न शिकण्याचा दोष सेवकावर येतो; हे दिले नाही, तर तो शासनावर येतो. तेव्हा शिकण्याचा दिवस हा कामाचा दिवस धरावा, आशा स्वयंसेविकेला त्या दिवसाचा पूर्ण मोबदला द्यावा, आणि रोग कमी झाला हे कारण पुढे करून कोणत्याही जिल्ह्यातले प्रशिक्षण बंद करू नये. शेवटचा रोगी ओळखायलाही पहिल्या रोग्याइतकेच ज्ञान लागते.